शाप, झपाटणे आणि इजिप्त : एका चित्रपट-अभ्यासवर्गाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

प्राचीन इजिप्तचा शाप आणि त्यातून झपाटली जाणारी माणसे या विषयावरील भयपटांचा अभ्यासवर्ग नोव्हेंबरमधील चार रविवारी घेण्याचे आमच्या पुण्यातील चित्रपट मंडळाने आज नक्की केले. माझ्याकडे दोन कामे आली आहेत. प्रत्येक चित्रपटाआधी अर्ध्या तासाचे प्रास्ताविक करायचे आहे आणि वर्गाला येणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी चाळीस पानांची मराठी पुस्तिका लिहायची आहे. हा विषय मी स्वतः मागून घेतला. शाळेत असल्यापासून हे चित्रपट मी पाहत आले आहे, आणि त्यांच्याबद्दल मराठीत गांभीर्याने लिहिलेले फारसे काही माझ्या हाती कधी लागले नाही.

निवडीसाठी एकच कसोटी ठेवली आहे. पट्ट्या गुंडाळलेले प्रेत चालू लागते एवढ्यावर चित्रपट थांबत असेल तर तो घ्यायचा नाही. जिवंत माणसाच्या शरीराचा ताबा भूतकाळातील कोणीतरी घेते, असा चित्रपट हवा. या कसोटीने १९४० च्या दशकातील बरीचशी मालिका आणि १९९९ चा गाजलेला साहसपट बाजूला पडतात. युनिव्हर्सल या अमेरिकी चित्रसंस्थेचा १९३२ चा 'द ममी', हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेचा १९७१ चा 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम' आणि १९८० चा 'द अवेकनिंग' हे तीन ठरले. चौथा अजून ठरलेला नाही.

९ ऑगस्ट

पुस्तिकेची शब्दसूची आधी करावी असे वाटले, कारण तिथेच पहिली अडचण आली. या चित्रपटांतील नायिकेला जे होते त्याला मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्द आपला निवाडा घेऊनच येतो. देव येतो तो 'अंगात येतो', भूत 'झपाटते' किंवा 'धरते', आणि नेमके काय झाले ते कळत नसेल तर 'बाहेरची बाधा' म्हणतात. आमच्या कोकणातल्या घरी आजी ज्याला धरले आहे त्या माणसाला 'झाड' म्हणत असे, आणि धरणारे काय मागते आहे ते विचारल्याशिवाय ते झाड सोडत नाही, असे तिचे ठाम मत होते. मराठी शब्द निवडतानाच आपण आलेली शक्ती पूज्य की अमंगळ हे ठरवून टाकतो. इजिप्तच्या बाबतीत हे ठरवण्याचा अधिकार मला आहे का, याचा विचार आधी व्हायला हवा. तूर्त शब्दसूचीत ती जागा मोकळी ठेवली आहे.

१७ ऑगस्ट

आज 'शाप' या शब्दामागची हकिकत लिहून पूर्ण केली. पुस्तिकेत ती सर्वांत आधी येईल, कारण १९३२ चा चित्रपट तिच्याशिवाय समजत नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधील राजांच्या खोऱ्यात तुतनखामून या प्राचीन राजाच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. दफनकक्ष १९२३ च्या फेब्रुवारीत उघडला गेला आणि उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत वारले. डास चावलेल्या जागी दाढी करताना कापले, तिथे संसर्ग झाला, रक्त दूषित झाले आणि पुढे न्यूमोनिया झाला. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, शिवाय कार्नार्व्हन यांची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. या मृत्यूला शापाचे रूप कसे आले याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. थडग्याच्या बातम्यांचा विशेष हक्क कार्नार्व्हन यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला विकलेला होता. बाकीच्या वृत्तपत्रांचे बातमीदार लक्सरमध्ये येऊन बसले होते आणि त्यांच्या हाती अधिकृत असे काहीच लागत नव्हते. मृत्यूची बातमी मात्र कोणाच्या मालकीची नव्हती. कादंबरीकार मारी कोरेली यांनी थडग्यात शिरणाऱ्यांना इशारा देणारे पत्र आधीच प्रसिद्ध केले होते आणि आर्थर कॉनन डॉइल यांनीही थडग्याचे रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तींची शक्यता बोलून दाखवली. मृत्यू वेगवान पंखांवरून येईल अशा अर्थाचे जे वाक्य पुढे घरोघरी पोहोचले, ते त्या थडग्यात कोठेही कोरलेले नाही.

ऑस्ट्रेलियातील मार्क नेल्सन यांचा २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला अभ्यासही मी यात घेतला आहे. त्या काळात इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी २५ जण थडगे किंवा शवपेटी उघडताना हजर होते. त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ७० निघाले, तर हजर नसलेल्यांचे ७५. इतर बाबी लक्षात घेतल्यावर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. कार्टर स्वतः पुढची सोळा वर्षे जगला आणि १९३९ साली वारला.

२४ ऑगस्ट

वृत्तपत्रांचा शाप खोटा म्हणून इजिप्शियनांनी शापच दिले नाहीत, असा समज होऊ नये म्हणून आज खऱ्या कोरीव मजकुरांवर दोन पाने लिहिली. राजांच्या थडग्यांत असे मजकूर क्वचितच आढळतात; ते अधिक आहेत प्राचीन राज्यकाळातील अधिकाऱ्यांच्या खासगी थडग्यांत. अस्वानजवळ हरखूफ या सरदाराचे थडगे आहे. अशुद्ध अवस्थेत आत येणाऱ्याला मी पक्ष्यासारखा पकडीन आणि महान देवापुढे त्याचा न्याय होईल, असे त्याने दर्शनी भागावर कोरून ठेवले आहे. गिझा येथील पेतेती नावाच्या माणसाच्या थडग्यावर मगर, पाणघोडा आणि सिंह यांची भीती घातलेली आहे. या मजकुरांना बहुधा दुसरी बाजूही असते. शुद्ध होऊन येणाऱ्या आणि भाकरी व बिअर अर्पण करणाऱ्या माणसाची बाजू परलोकाच्या न्यायालयात मृत व्यक्ती स्वतः मांडेल, असे वचन त्यांत अनेकदा दिलेले असते.

हे लिहिताना मला शिलाहार काळातील गधेगाळी आठवल्या. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे ते शिल्प, अशा शिळा कोकणात आणि गोव्यात आजही उभ्या आहेत. दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याला त्यांवर जाहीर शिवी दिलेली आहे. तो कायद्याचा दगड आहे, राजाचा हात पोहोचणार नाही तिथे शब्द पोहोचावा म्हणून उभा केलेला. हरखूफचा मजकूर त्याच जातीचा आहे. म्हणून शब्दसूचीत कोरीव मजकुरासाठी 'शापवचन' आणि चित्रपटांतील कल्पनेसाठी 'शाप' असे दोन वेगळे शब्द ठेवले.

शापवचनांना चोर भ्याले का? मुळीच नाही. नवव्या रामसेसच्या काळातील चौकशीचा एक पपायरस आज उपलब्ध आहे. सोबेकेमसाफ राजाच्या ममीवरील सोने काढून घेऊन शवपेट्यांना आग लावल्याची कबुली त्यात एका पाथरवटाने दिली आहे.

६ सप्टेंबर

१९३२ चा 'द ममी' आज सलग दोनदा पाहिला, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मुळात छायालेखक. 'मेट्रोपोलिस' आणि १९३१ चा 'ड्रॅक्युला' यांचे छायालेखन त्यांचे. आवाज बंद केल्यावर त्यांची ताकद स्पष्ट दिसते. ममी जागी होते तो प्रसंग मी नोंदवहीत एकेक चित्रचौकट करून उतरवला. तरुण सहायक थोत या इजिप्शियन देवाची गुंडाळी हलक्या आवाजात वाचतो, पेटीतल्या प्रेताचे डोळे किंचित उघडतात, हात सैल होऊन खाली येतो. त्यानंतर टेबलावरील गुंडाळीवर एक हात पडतो आणि दाराबाहेर सरकत जाणारी पट्टीची टोके दिसतात, एवढेच. चालणारी ममी आपल्याला दाखवलेलीच नाही. दाखवले आहे ते त्या तरुणाचे वेडे होऊन हसणे. जॅक पियर्स यांनी बोरिस कार्लोफ यांच्यावर तासन्‌तास खपून चढवलेली ती रंगभूषा पडद्यावर फार थोडा वेळ दिसते. अंगभर पट्ट्या बांधलेला कार्लोफ त्यानंतर पुन्हा येत नाही. येतो तो सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, मोजके बोलणारा, स्पर्श टाळणारा गृहस्थ, आणि तोच अधिक भयंकर आहे.

पटकथा जॉन बाल्डरस्टन यांची, आणि तुतनखामूनच्या थडग्याच्या बातम्या पत्रकार म्हणून त्यांनी स्वतः दिलेल्या होत्या. वृत्तपत्रांतून चित्रपटात आलेला हा सरळ रस्ता प्रास्ताविकात ठळकपणे मांडायचा आहे.

मला आज सर्वांत जास्त खटकले ते नाव. चित्रपटातील राक्षसाचे नाव इम्होतेप आहे. इतिहासातील इम्होतेप जोसर राजाचा प्रधान होता आणि सक्कारा येथील पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावाशी जोडला जातो. मृत्यूनंतर शतकानुशतकांनी इजिप्तने त्याला देवपद दिले तेही रोग बरे करणारा देव म्हणून, आणि ग्रीकांनी त्याला आपल्या ॲस्क्लेपियसच्या ठिकाणी मानले. आजारी माणसे ज्याच्या देवळात बरे होण्याच्या आशेने येत, त्याचेच नाव जिवंत स्त्रीला मारून तिची ममी करू पाहणाऱ्याला देण्यात आले. हे ठरवून केले असेल असे मी म्हणणार नाही. पण चित्रपटांच्या या परंपरेचे मूळ मला इथेच दिसते. इजिप्तचा जो वैद्य होता, तो पडद्यावर रोग झाला.

७ सप्टेंबर

कालच्या नोंदीला पुरवणी. नायिका हेलन ग्रोव्हनर हिला इम्होतेप झपाटतो असे मी आतापर्यंत समजत होते. पुन्हा पाहताना ते अपुरे वाटले. तिच्या आत जी जागी होते ती राजकन्या अंखेसेनामून तिचाच पूर्वजन्म आहे. मधल्या जन्मांचे प्रसंगही चित्रित झाले होते, परंतु ते अंतिम चित्रपटातून काढून टाकले गेले. आपल्या प्रेक्षकाला पुनर्जन्म लगेच पटेल, आणि नेमका तिथेच घोटाळा होईल, कारण मृत माणसाने पृथ्वीवर दुसऱ्या देहात पुन्हा जन्म घ्यावा असा प्राचीन इजिप्तचा विश्वास नव्हता. 'बा' हा आत्म्याचा अंश रात्री स्वतःच्याच देहाकडे परत यावा म्हणून तर देह जपायचा. आत्मा प्राण्यापासून प्राण्यात फिरतो ही शिकवण इजिप्शियनांच्या नावावर चढवली ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने. पुस्तिकेत चौकट टाकून हे सांगितले पाहिजे.

शेवटाबद्दलही लिहायचे आहे. अखेरच्या क्षणी हेलनला वाचवणारे तिथे पोहोचलेले पुरुष नाहीत. ती स्वतः, राजकन्येच्या वाणीने, इसिस देवीची प्रार्थना करते. मूर्तीचा हात उठतो, गुंडाळी जळते आणि इम्होतेपचा चुरा होतो. म्हणजे १९३२ पर्यंत इजिप्तमध्ये निदान एक तारणारी शक्ती शिल्लक होती.

२० सप्टेंबर

१९७१ आणि १९८० चे दोन्ही चित्रपट ब्रॅम स्टोकर यांच्या १९०३ च्या एकाच कादंबरीवरून घेतलेले आहेत, म्हणून ते लागोपाठ दाखवणे सोयीचे. कादंबरीचा पहिला शेवट इतका काळोखी होता की १९१२ च्या आवृत्तीत तो बदलून सुखान्त करण्यात आला. चित्रपटांनी काळोखच निवडला.

हॅमरच्या चित्रपटात ममीला पट्ट्याच नाहीत. राणी तेरा हजारो वर्षांनंतरही जशीच्या तशी निजलेली आहे, आणि ती व पुरातत्त्वज्ञाची मुलगी मार्गारेट या दोन्ही भूमिका व्हॅलरी लिऑन यांनी केल्या आहेत. चित्रीकरणावर खरोखरच मृत्यूची छाया होती. पत्नीच्या आजारपणामुळे अभिनेते पीटर कुशिंग यांनी एका दिवसानंतर काम सोडले आणि दिग्दर्शक सेथ होल्ट चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच वारले. उरलेला भाग मायकल कॅरेरास यांनी पुरा केला. यालाही शाप म्हणणारे लेखन सापडते. मी ते पुस्तिकेत घेणार नाही. एका माणसाच्या दुःखाचा आणि दुसऱ्याच्या मृत्यूचा तसा वापर करणे मला योग्य वाटत नाही. चित्रपटाचा शेवट मात्र विलक्षण आहे. रुग्णालयाच्या खाटेवर पूर्ण पट्ट्यांत गुंडाळलेली एक स्त्री आहे, तिचे फक्त डोळे दिसतात, आणि वाचली ती मार्गारेट की तेरा, हे सांगितलेले नाही.

'द अवेकनिंग'मध्ये चार्ल्टन हेस्टन पुरातत्त्वज्ञ आहेत. थडगे उघडते त्याच सुमारास त्यांची मुलगी जन्मते आणि मोठी होत होत राणी कारा होते. चित्रपट संथ आहे, मध्यंतरापर्यंत माझेही लक्ष दोनदा उडाले. तरीही तो ठेवते आहे, कारण बापाची विद्या आणि बापाची आसक्ती यांची किंमत मुलीच्या देहाने चुकवावी, ही या साऱ्या परंपरेत लपून राहिलेली गोष्ट इथे उघड बोलली जाते.

२ ऑक्टोबर

आज पुस्तिकेचा कणा सापडला. तो एका शिळेवर आहे.

ही शिळा इजिप्तमधील कर्नाकच्या देवळांच्या परिसरात मिळाली आणि आज ती पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. ती बेंत्रेशची शिळा म्हणून ओळखली जाते. मजकूर दुसऱ्या रामसेसच्या काळातला असल्याचे भासवतो, प्रत्यक्षात तो त्यानंतर कितीतरी शतकांनी, बहुधा पर्शियन किंवा टॉलेमी राजवटीत, रचला गेला. गोष्ट अशी. बख्तान नावाच्या दूरच्या देशाच्या अधिपतीची थोरली मुलगी रामसेसची राणी झालेली आहे. तिची धाकटी बहीण बेंत्रेश आजारी पडते आणि इजिप्तकडे मदत मागितली जाते. राजा एका विद्वान लेखनिकाला पाठवतो. बेंत्रेशला एका मृतात्म्याने धरले आहे, असे तो तपासून सांगतो. काही वर्षांनी पुन्हा निरोप येतो, या वेळी प्रत्यक्ष देवाला पाठवा म्हणून. थीब्जचा खोन्सू देव मान हलवून होकार देतो आणि खोन्सूचे दुसरे रूप, नियती ठरवणारा खोन्सू, एक वर्ष आणि पाच महिन्यांचा प्रवास करून बख्तानला पोहोचते. बेंत्रेश तत्काळ बरी होते.

पुढचा प्रसंग मी चारदा वाचला. तो आत्मा देवाचे स्वागत करतो, मी तुझा सेवक आहे, आलो तिकडे परत जातो असे म्हणतो, पण जाण्याआधी अधिपतीने माझ्यासाठी एक दिवसाचा उत्सव करावा अशी मागणी करतो. देव ती मान्य करतो. देव आणि आत्मा यांचे बोलणे चालू असताना अधिपती आपल्या सैन्यासह भयाने गारठून उभा आहे. उत्सव होतो, नैवेद्य होतो आणि आत्मा शांतपणे निघून जातो. धरणारे काय मागते आहे ते विचारल्याशिवाय ते झाड सोडत नाही, हे आजीचे म्हणणे मला तिथे जसेच्या तसे भेटले.

या गोष्टीत झपाटलेली मुलगी परदेशातली आहे आणि उपचार इजिप्तमधून येतो. रोग बाहेरचा, वैद्य इजिप्तचा. लंडन किंवा अमेरिकेतील घरात इजिप्तची वस्तू येते आणि तिथली मुलगी पछाडली जाते, ही चित्रपटांची रचना याच्या नेमकी उलट आहे. गोष्टीला शेपूटही आहे. अधिपती त्या देवाला परत पाठवत नाही, तीन वर्षे नऊ महिने स्वतःकडेच ठेवून घेतो. मग सोन्याचा ससाणा होऊन देव इजिप्तकडे उडून जातो आहे, असे स्वप्न पाहून तो घाबरून जागा होतो आणि मूर्ती सन्मानाने परत करतो. दुसऱ्याचा देव आपल्या घरात डांबून ठेवल्याची भीती, एवढीच काय ती या मजकुरातील शापासारखी गोष्ट.

१२ ऑक्टोबर

चौथ्या रविवारसाठी लुचिओ फुल्ची यांचा १९८२ चा 'मॅनहॅटन बेबी' जवळजवळ ठरला होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या ताइतातून पुरातत्त्वज्ञाच्या लहान मुलीवर संकट येते, म्हणजे कसोटीत तो बसतो. पण तो पुन्हा पाहिल्यावर पहिल्या तीन चित्रपटांत आलेलीच गोष्ट वर्गाला चौथ्यांदा ऐकवावी असे वाटेना.

त्याऐवजी मी स्वतःचीच कसोटी मोडली आहे आणि शादी अब्देल सलाम यांचा १९६९ चा 'अल-मूमिया' सुचवला आहे. तो भयपट नाही. १८८१ साली देर अल-बहारीजवळच्या गुप्त खोलीतून राजांच्या ममी कैरोला नेल्या गेल्या, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. त्या ममी विकून जगणाऱ्या डोंगरातल्या कुळातील वनीस या तरुणाला बाप गेल्यावर हे रहस्य कळते, आणि या मृतांशी आपले नाते काय, या प्रश्नाने त्याला खाणेपिणे सुचेनासे होते. कोणी मंत्र म्हणत नाही, कोणी उठून चालत नाही. तरी वनीसला काहीतरी धरून बसले आहे, यात मला शंका नाही. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी विषय सोडल्याचा आक्षेप घेतला. मी त्यांना बेंत्रेशचे प्रकरण वाचायला दिले. दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला.

२६ ऑक्टोबर

छापखान्यातून कच्ची प्रत आली. फाँट बदलताना जोडाक्षरे फुटली होती. 'झपाटणे' प्रकरणाची सहा पाने पुन्हा तपासावी लागली. प्रदर्शनाच्या परवानग्या चारही चित्रपटांसाठी हाती आल्या आहेत.

२ नोव्हेंबर

पहिला वर्ग झाला. सहायक हसू लागतो तेव्हा आधी दोघेतिघे त्याच्याबरोबर हसले, आणि हसणे थांबत नाही हे लक्षात आल्यावर सभागृहात पूर्ण शांतता झाली. चर्चेत एका शिक्षिकेने फार चांगला प्रश्न विचारला. आपल्या कथांत शापाला उःशाप असतो, यांच्या शापाला का नाही? मी त्यांना शुद्ध होऊन येणाऱ्यासाठी थडग्यावर दिलेल्या वचनाची आठवण करून दिली. उःशाप होता, चित्रपटाने शापवचनाचा अर्धाच भाग उचलला.

१६ नोव्हेंबर

दुसरा आणि तिसरा वर्ग पार पडले. गेल्या रविवारी हॅमरच्या चित्रपटातील अखेरच्या डोळ्यांवर अर्धा तास चर्चा झाली आणि बहुसंख्यांनी ती तेराच आहे असे मत दिले. 'द अवेकनिंग'ला आज उपस्थिती कमी होती.

२३ नोव्हेंबर

'अल-मूमिया' संपल्यावर दिवे लावायला मी थोडा वेळ थांबले. पहाटेच्या उजेडात शवपेट्या खांद्यावरून नदीकडे नेल्या जातात, त्या दृश्यानंतर लगेच बोलणे कोणालाच जमले नसते. नंतर बेंत्रेशची गोष्ट वाचून दाखवली.

३० नोव्हेंबर

पुस्तिकेच्या दुसऱ्या छपाईसाठी दुरुस्त्या पाठवल्या. ऑगस्टमध्ये मोकळी ठेवलेली शब्दसूचीतील जागा आता भरली आहे. तेरा आणि कारा यांच्यासाठी 'झपाटणे' ठेवले, कारण ते चित्रपट तसेच पाहतात. हेलनसाठी 'पूर्वजन्म जागा होणे' असे स्पष्ट लिहिले. बेंत्रेशच्या पानावरील 'झपाटणे' आणि 'पिशाच्च' हे दोन्ही शब्द काढून तिथे 'धरणे' आणि 'मृतात्मा' घातले, आणि त्याच पानाच्या तळाशी आजीचा 'झाड' हा शब्द त्याच्या अर्थासह दिला.